मानसिक वय साडेदहा, हाडांचं वय दहा: दुसरीतल्या एका मुलीचं प्रकरण

(नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याला पालकांची संमती आहे.)

पार्श्वभूमी

ईरा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील सहकारी बँकेत, आई माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, घरात आजी. एकुलती एक मुलगी. तिसऱ्या वर्षी दुकानांच्या पाट्या वाचायची, पहिलीत असताना आजीच्या भिशीचा हिशेब तोंडी सांगायची. दुसरीत एकदा मधल्या सुट्टीत ती फळ्यावर १ भागिले ७ करत बसली. सहा आकडे झाले की तेच आकडे त्याच क्रमाने परत येतात हे तिला दिसलं. पुढच्या तासाच्या बाईंनी फळा पुसला तेव्हा ती इतकी रडली की आईला शाळेत बोलवावं लागलं. मुलगी कशी आहे हे या एका प्रसंगातून बरंच कळतं: डोकं पाचवी-सहावीचं, रडणं दुसरीचं.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये शाळेने तिला डबल प्रमोशन द्यायचं, म्हणजे दुसरीतून थेट चौथीत बसवायचं ठरवत आणलं होतं. शाळेची समुपदेशक म्हणून माझ्याकडे अहवाल मागितला गेला. कोल्हापूरच्या एका मानसशास्त्रज्ञांनी बिने-कामत चाचणी घेतली. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केलेली ही चाचणी आपल्याकडे अजून सर्रास वापरतात. तिचा निकाल ‘मानसिक वय’ म्हणून येतो. ईराचं प्रत्यक्ष वय ७ वर्षे १० महिने, मानसिक वय १० वर्षे ८ महिने, बुद्ध्यांक १३६.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मुख्याध्यापकांच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याशी मात्र मी थांबले: ‘विद्यार्थिनी शारीरिकदृष्ट्याही वयाच्या मानाने परिपक्व दिसत असल्याने वरच्या वर्गात सहज सामावून जाईल.’

प्रश्न काय होता

आईशी बोलताना कळलं की दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ईरा साधारण साडेसात वर्षांची असताना, तिच्या छातीची वाढ सुरू झाल्याचं आईच्या लक्षात आलं होतं. गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांना सहज विचारलं, तर ते म्हणाले, “हल्ली मुली लवकरच मोठ्या होतात, बघू पुढे.” विषय तिथेच राहिला. आई स्वतः विज्ञानाची शिक्षिका, तरी तिनेही फार ताणलं नाही. तिचं म्हणणं असं: “हुशार मुलं सगळ्यातच पुढे असतात, मॅडम. माझ्या वर्गात मी दरवर्षी बघते.”

आजीकडे तर पुरावाच होता. “माझी थोरली लेक अशीच. पाचवीत पयला नंबर, आन त्याच वर्साला शहाणी झाली. डोस्कं चालतंय त्याचं अंगबी लवकर भरतंय, ह्यात इशेष काय न्हाई.”

शाळेत दोन गोष्टी दिसत होत्या आणि कोणी त्यांची जुळवाजुळव केली नव्हती. खो-खोच्या संघातून ईरा जानेवारीपासून बाहेर होती. धावायला सांगितलं की पोट दुखतं म्हणायची. खेळाच्या सरांनी ‘पुस्तकी किडा झाली’ असा अर्थ काढला. वर्गात येता-जाता वह्या छातीशी घट्ट धरून, खांदे आत ओढून चालायची. दुसरी गोष्ट आरोग्य तपासणीच्या नोंदवहीत होती. जूनमध्ये उंची १२२ सेंटिमीटर, मार्चमध्ये १२८.५. वयात येण्याआधीच्या काळात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. इथे नऊ महिन्यांत साडेसहा झाले होते. वहीत दोन्ही आकडे एकाच ओळीत, सुवाच्य अक्षरात होते.

वैद्यकशास्त्राची रेघ तशी स्पष्ट आहे. मुलींमध्ये आठ वर्षांच्या आधी आणि मुलांमध्ये नऊच्या आधी वयात येण्याची चिन्हं दिसली तर ते अकाली धरायचं आणि तपासायचं. मुलगी हुशार असेल तर ही रेघ थोडी मागे सरकते असं कुठल्याही पुस्तकात नाही.

पहिला निर्णय: अहवाल थांबवायचा का

शाळेला एप्रिलच्या आत निर्णय हवा होता. बुद्धिमापनाचा निकाल हातात होता, त्यावर शिफारस लिहून मोकळं होता आलं असतं आणि तब्येतीचं घरच्यांनी बघितलं असतं. तसं केलं नाही. ‘शारीरिक परिपक्वता’ हे वर्ग बदलण्याचं कारण म्हणून लेखी आलं होतं आणि त्या परिपक्वतेचं कारण कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरी तपासणी होईपर्यंत अहवाल राखून ठेवत असल्याचं मी शाळेला कळवलं. वडील नाराज झाले. “तिचं वर्ष जाईल,” हे वाक्य त्या महिन्यात मी बरेचदा ऐकलं.

बालरोगतज्ज्ञांनी पुण्याच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवलं. डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय दहा वर्षं आलं. वयात येण्याशी संबंधित एलएच या संप्रेरकाची उत्तेजन चाचणी, थायरॉइड आणि पोटाची सोनोग्राफी झाली. वयात येण्याचं चक्र मेंदूकडूनच सुरू झालं आहे हे स्पष्ट झालं. डोकेदुखी नाही, नजर ठीक. सहा ते आठ वयाच्या मुलींमध्ये एमआरआय करायचाच का, यावर डॉक्टरांमध्ये दोन मतं आहेत आणि तज्ज्ञांनी ती दोन्ही मोकळेपणाने सांगितली. वडिलांनी करून घ्यायचं ठरवलं. एमआरआय स्वच्छ आला. मुलींमध्ये बहुतेक वेळा असंच असतं, ठरावीक कारण सापडत नाही. मुलगा असता तर एमआरआयबद्दल चर्चाच झाली नसती, कारण मुलांमध्ये आत काही सापडण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं.

वडिलांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. “मानसिक वय साडेदहा, हाडांचं वय दहा. जुळतंय की! म्हणजे पोरगी मुळात दहा वर्षांचीच आहे. मग चौथीत काय, पाचवीत बसवली तरी चालेल.”

ते चेष्टेने बोलले नव्हते. बँकेतल्या माणसाला दोन वह्यांतले आकडे जुळले की बरं वाटतं.

हुशारी आणि वयात येणं: खरोखर माहीत काय आहे

या प्रकरणातली सगळ्यात अवघड गाठ इथे होती, म्हणून इथे जरा थांबते.

मानसिक वय १० वर्षे ८ महिने याचा अर्थ एवढाच की त्या वयाची सर्वसाधारण मुलं जेवढे प्रश्न सोडवतात तेवढे ईराने सोडवले. ही मोजण्याची एक रीत आहे, शरीरात कुठे चालणारं घड्याळ नव्हे. हाडांचं वय म्हणजे हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या थरांवर संप्रेरकांचा, मुख्यतः इस्ट्रोजेनचा, किती परिणाम झाला याचा अंदाज. ते पुढे गेलं तर उंची झपाट्याने वाढते आणि हे थर लवकर बंद होतात. आज वर्गात उंच दिसणारी मुलगी पुढे बुटकी राहू शकते. दोन्ही आकडे ‘वय’ या एकाच नावाने येतात, एवढंच त्यांचं नातं.

आजीची समजूत अगदीच हवेतली मात्र नाही, आणि हे कबूल करायला हवं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे दीड हजार अतिहुशार मुलांचा अभ्यास सुरू केला. तेव्हा लोकांना वाटायचं की फार हुशार मुलं किडकिडीत आणि आजारी असतात. १९२५ मध्ये पहिला खंड आला तो उलटं सांगत होता: ही मुलं सरासरीपेक्षा किंचित उंच, धडधाकट, आणि वयातही किंचित आधी येणारी. पुढे ब्रिटनमध्ये १९४६ साली जन्मलेल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला. त्यातही लवकर वयात येणारी मुलं बुद्धीच्या चाचण्यांत थोडी वर दिसली.

पण टर्मनची मुलं बहुतांशी शहरी, गोरी, खाऊनपिऊन सुखी घरांतली होती. त्यांची पहिली निवड शिक्षकांनी सुचवलेल्या नावांतून झाली होती. आणि वर्गातलं अंगाने भरलेलं, आत्मविश्वासाने बोलणारं मूल शिक्षकाला आधी आठवतं, हे आपल्याही शाळांत दिसतं. ब्रिटनच्या अभ्यासात तर लहान कुटुंबांतली मुलं लवकर वयात यायची आणि चाचण्यांतही चांगली करायची. चांगलं खाणं, कमी भावंडं, शिकलेले आईबाप, कमी आजारपणं यांनी शरीर लवकर वाढतं आणि गुणही वाढतात. एकाच पावसावर दोन पिकं वर आली, तर एकामुळे दुसरं आलं असं शेतकरी म्हणत नाही. शिवाय गटागटांतला हा फरक इतका बारीक आहे की समोरच्या एका मुलीबद्दल त्यावरून काही बोलता येत नाही. साडेसातव्या वर्षाचं स्पष्टीकरण तर त्यातून मुळीच मिळत नाही.

मेंदूची वाढ हा तिसरा मुद्दा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तीनशेवर मुलांच्या मेंदूची पुन्हा पुन्हा छायाचित्रं घेऊन २००६ मध्ये निष्कर्ष छापले. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी सरासरी बुद्धीच्या मुलांत पाच-सहा वर्षांच्या सुमारास कमाल पातळीला जाऊन उतरायला लागते. अतिहुशार गटात ती कमाल पातळी अकराच्या आसपास आली. म्हणजे हुशार मुलाचा मेंदू ‘लवकर पिकतो’ असं म्हणण्यापेक्षा तो जास्त काळ घडत राहतो असं म्हणणं खरं ठरेल.

मग ईरा लवकर वयात का येत होती? उत्तराचा एक धागा आजीच्याच बोलण्यात होता. थोरली लेक पाचवीतच ‘शहाणी झाली’, म्हणजे तिला पाळी आली, हे आजीने हुशारीचा दाखला म्हणून सांगितलं, डॉक्टरांनी ते घराण्याचा इतिहास म्हणून लिहून घेतलं. वडिलांनाही विचारलं, तर सातवीत मिसरूड फुटलं होतं. अकाली वयात येण्याशी जोडलेला एक जनुकीय बदल २०१३ मध्ये सापडला आहे, आणि तो बापाकडून आला तरच परिणाम दाखवतो. ईराची जनुकचाचणी केली नाही, तिने उपचारात फरक पडला नसता. पण ‘आत्यासारखी’ हे ‘हुशार म्हणून’पेक्षा कितीतरी सरळ उत्तर होतं.

समोरचे पर्याय

डॉक्टरांसमोर दोन वाटा होत्या. एक, तीन महिने थांबून वेग बघायचा. काही मुलींमध्ये सुरुवात होते आणि पुढे गाडी रेंगाळते, अशांना औषध लागत नाही. दुसरी, मेंदूकडून येणारा संदेश दाबणारी जीएनआरएच जातीची इंजेक्शनं सुरू करायची. ती ठरावीक अंतराने, वर्षानुवर्षं घ्यावी लागतात, औषध महाग असतं आणि वडिलांच्या मेडिक्लेममध्ये ते बसत नव्हतं. शिवाय उंचीचा मोठा फायदा सहा वर्षांच्या आतल्या मुलींना होतो. सहा ते आठ या पट्ट्यात तो कमी आणि बेभरवशाचा असतो. २००९ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचंही मत असंच आहे की या वयोगटात प्रत्येक मुलीचा निर्णय स्वतंत्र घ्यावा.

आईबापांच्या उंचीवरून (१५४ आणि १६८) ईराची अपेक्षित उंची १५४.५ सेंटिमीटर निघत होती. हाडांच्या वयावरून अंदाज दीडशेच्या आसपास येत होता. चार-पाच सेंटिमीटरसाठी एवढा खटाटोप करायचा का, हा वडिलांचा प्रश्न वाजवी होता. आईचा प्रश्न वेगळा होता: याच वेगाने गेलं तर नऊ-साडेनऊला पाळी येणार, तेव्हा ही शाळेच्या त्या एका कडी नसलेल्या स्वच्छतागृहात काय करणार?

आजीचा पर्याय अंडी, चिकन आणि म्हशीचं दूध बंद करण्याचा, कारण ‘उष्ण पडतंय’. तो कोणाला न विचारता अमलात आला होता आणि वाढत्या मुलीचं प्रथिनं देणारं खाणंच निम्मं झालं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू करायला लावलं.

शाळेपुढे तीन वाटा: थेट चौथी, आहे तिथे तिसरी, किंवा तिसरीत ठेवून फक्त गणित-वाचन वरच्या वर्गाबरोबर.

काय केलं

थांबून बघायचं ठरलं. जुलैपर्यंत उंची आणखी अडीच सेंटिमीटर वाढली आणि बाकीची चिन्हंही पुढे सरकली. ऑगस्टमध्ये, ईरा सव्वाआठ वर्षांची असताना, तीन महिन्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं सुरू झाली. आईबाप दोघांनी मिळून ठरवलं, आईच्या प्रश्नाचं पारडं जड झालं.

शाळेबाबत मी तिसरी आणि वरच्या वर्गाचं गणित, अशी शिफारस केली. कारण स्पष्ट लिहिलं: मोठी दिसते हा बढतीचा आधार होऊ शकत नाही, आणि तपासण्या, प्रवास, इंजेक्शनं हे सगळं सुरू असताना मैत्रिणी तरी त्याच असाव्यात. पाचवीच्या गणिताचा तास तिसरीच्या कार्यानुभवाच्या वेळी ठेवला. वेळापत्रक हलवायला शाळेने खळखळ केली, पण हलवलं.

सगळ्यात नाजूक काम ईराला सांगण्याचं. घरच्यांना वाटत होतं तिला सगळं माहीत आहे. मुलांच्या ज्ञानकोशातून तिने ‘संप्रेरक’, ‘पीयूषिका ग्रंथी’ हे शब्द उचलले होते आणि ती ते बिनचूक वापरायची. आईबरोबर बसून मी तिला चित्र काढायला सांगितलं, तर तिने पीयूषिका ग्रंथी डोक्यात बरोबर जागी काढली आणि मग हळूच विचारलं, “म्हणजे मला आता शाळा सोडावी लागणार का?” आत्याचं शिक्षण पाचवीनंतर थांबलं होतं. घरात कधीतरी ऐकलेलं ते वाक्य हिने मनात जपून ठेवलं होतं. आईने तिथल्या तिथे सांगितलं की शाळा सुटणार नाही, कॉलेजही नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी नंतर तिला समजावलं, “अगं, मेंदूने गजर जरा लवकर लावलाय, आपण तो पुढे ढकलतोय.” हे तिला पटलं, कारण रविवारी ती स्वतः तेच करायची.

खेळाच्या सरांना आईच्या परवानगीने मोजकंच सांगितलं. योग्य कपड्यांची सोय झाल्यावर धावताना दुखायचं थांबलं आणि ती खो-खोत परतली. अंगाने मोठ्या दिसणाऱ्या मुलीशी बाहेरची माणसं वेगळं वागू शकतात, म्हणून सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाचं बोलणंही आईकडून लगेच करून घेतलं.

पुढे काय झालं

सहा महिन्यांत वाढीचा वेग वर्षाला पाच सेंटिमीटरच्या घरात आला. अकराव्या वाढदिवसानंतर इंजेक्शनं थांबवली. १२ वर्षे ४ महिन्यांची असताना, सातवीत, पाळी आली. शहरी भारतीय मुलींची सरासरी जवळपास हीच आहे. तेव्हा उंची १५१ होती आणि थोडी वाढ बाकी होती.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. जवळपास तीन वर्षं तिचं वयात येणं औषधाने थोपवलेलं होतं. त्या काळात तिसरीत बसून ती पाचवीचं गणित करत होती आणि पाचवीत असताना बीजगणितावर आली होती. शरीराचं घड्याळ थांबलं म्हणून डोकं थांबलं नाही. एका मुलीवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण आजीला हा युक्तिवाद सगळ्या अभ्यासांपेक्षा जास्त पटला.

सगळंच छान झालं असं नाही. वरच्या वर्गाच्या गणिताची व्यवस्था दोन वर्षांनी, ते शिक्षक बदलून गेल्यावर, कोलमडली. पुढे आईच्या एका सहकाऱ्यांनी शनिवारी शिकवलं म्हणून निभावलं. सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची पहिली फेरी ती पार झाली, पुढे अडली. वर्गात ती अजूनही कंटाळते.

वेगळं काय करता आलं असतं

दिवाळी ते एप्रिल हे महिने वाचू शकले असते. उंचीच्या नोंदी शाळेकडेच होत्या. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते सहज मिळतात, आणि त्यामागच्या संशोधनात पुण्याच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. तक्त्यावर दोन ठिपके काढले असते तर वर जाणारी रेघ कारकुनालाही दिसली असती. आता शाळेत दर सहा महिन्यांनी उंची मोजून ती तक्त्यावर मांडतात, आणि रेघ पट्टा सोडून वर गेली तर पालकांना चिठ्ठी जाते.

ईराशी बोलायला एप्रिलअखेर उजाडला. तोवर ती शाळा सुटण्याची भीती एकटीच बाळगून होती. ते बोलणं एमआरआयच्या आधी व्हायला हवं होतं. त्या यंत्रात शिरताना तिच्या डोक्यात काय चाललं असेल, याचा अंदाज आज करवत नाही.

डबल प्रमोशनबद्दल वडिलांचं मत बदललेलं नाही. त्यांचं म्हणणं, ‘मोठी दिसते म्हणून वर घालू नका’ हे ठीक, पण मग ‘आजार आहे म्हणून खाली ठेवा’ हे कसं ठीक? या म्हणण्यात दम आहे. वर्ग ओलांडलेली हुशार मुलं बहुधा चांगली रुळतात असंच संशोधन सांगतं, आणि पुण्याच्या वाऱ्या चौथीत बसूनही झाल्या असत्या.

त्यानंतर बढतीच्या शिफारशीचा नमुना आम्ही नव्याने केला. त्यातून ‘शारीरिक परिपक्वता’ हा रकाना काढला. आता अभ्यासातली झेप, मुलाची स्वतःची इच्छा, लिहिण्याचा वेग, वरच्या वर्गातल्या शिक्षकाची तयारी एवढंच विचारलं जातं. वैद्यकीय शंका असेल तर तिचा कागद वेगळा, फाइल वेगळी. ईराच्या वडिलांनी तो नमुना मागून घेतला, दोनदा वाचला आणि विचारलं, तेव्हा हा असता तर तिला चौथीत बसवलं असतं का?

या रकान्यांवर, हो, बहुधा बसवलं असतं. मी त्यांना तसंच सांगितलं.